नाव राखणारे गाव

रोन नदी लिआँ शहर ओलांडून दक्षिणेला भूमध्य समुद्राकडे निघते, तेव्हा तिच्या डाव्या तीरावर ओरांज आणि आव्हिन्याँ या दोन शहरांच्या दरम्यान शातोनफ-द्यु-पाप हे लहानसे गाव लागते. लोकवस्ती दोन हजारांच्या आसपास. टेकडीवर एका पडक्या किल्ल्याची भिंत उभी आहे आणि टेकडीभोवती दूरवर द्राक्षांच्या बुटक्या वेली पसरल्या आहेत. नकाशात सहजी न सापडणाऱ्या या गावाचे नाव जगातील मोठ्या शहरांतल्या मद्यविक्रेत्यांना मात्र तोंडपाठ असते. तेथील तांबडी वाईन प्रसिद्ध आहे, हे त्याचे उघड कारण. परंतु गावाचे खरे महत्त्व निराळेच आहे. प्रदेशाचे नाव ही तेथील शेतकऱ्यांची सामाईक मालमत्ता असते, ती चोरीला जाऊ शकते आणि म्हणून कायद्याने तिचे रक्षण झाले पाहिजे, हा विचार प्रत्यक्षात उतरविणाऱ्यांत हे गाव अग्रभागी होते. दार्जिलिंगच्या चहाला किंवा कोकणच्या हापूसला आज भौगोलिक मानांकनाचे जे कवच लाभले आहे, त्याच्या पूर्वेतिहासात या गावाला मानाचे स्थान आहे.

मद्याचे गुणगान करण्याचा येथे हेतू नाही. मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे भारतीय राज्यघटनेचा ४७वा अनुच्छेद सांगतो आणि त्यामागील सामाजिक अनुभव नाकारता येण्यासारखा नाही. प्रश्न आहे तो शेतकऱ्याचा. उत्पन्न त्याचे, नाव त्याच्या गावाचे आणि नफा तिसऱ्याचाच, ही स्थिती सर्व देशांतील शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. ती पालटण्यासाठी या गावाने जो मार्ग धरला, तो सर्वांनीच समजून घेण्याजोगा आहे.

गावाच्या नावाचा अर्थ ‘पोपचा नवा किल्ला’. १३०९ ते १३७७ या काळात पोपचे पीठ रोमऐवजी आव्हिन्याँ येथे होते. त्या मालिकेतील दुसरे पोप, बाविसावे जॉन, यांनी या टेकडीवर किल्ला बांधविला आणि भोवतालच्या द्राक्षशेतीला उत्तेजन दिले. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने त्याचा बुरूज सुरुंगाने उडविला. उरला तो भाग आज दिसतो. मात्र पोपचे नाव गावाला अधिकृतपणे चिकटले ते पुष्कळ उशिरा, १८९३ मध्ये. त्यापूर्वी जवळच्या चुन्याच्या खाणींवरून ते ‘शातोनफ-काल्सेर्निये’ म्हणून ओळखले जाई. तेथील मद्यालाही बाजारात स्वतःची अशी ओळख फारशी नव्हती. पिंपेच्या पिंपे उत्तरेला बर्गंडीत जात, तेथील फिकट वाईनला अंग यावे म्हणून तीत मिसळली जात आणि दुसऱ्याच्या नावाने विकली जात.

किडीने घडविलेली क्रांती

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका सूक्ष्म किडीने फ्रान्सच्या द्राक्षशेतीची उलथापालथ केली. १८६३ च्या सुमारास, शातोनफच्या समोर रोनच्या पलीकडच्या तीरावरील बागांत, वेली काही कारण दिसत नसताना सुकू लागल्या. १८६८ मध्ये माँपेल्ये येथील वनस्पतिशास्त्रज्ञ झ्यूल-एमिल प्लांशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या वेली सोडून अजून जिवंत असलेल्या वेलींची मुळे उकरून पाहिली. तेव्हा मुळांना चिकटून रस शोषणाऱ्या पिवळसर किडी दिसल्या. ही फायलॉक्झेरा. अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर ती आली होती. पुढच्या दोन-तीन दशकांत तिने फ्रान्समधील बहुतेक द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. उपाय सापडला तोही अमेरिकेतच. तेथील रानवेलींच्या मुळांना ही कीड सहन होते. म्हणून अमेरिकन खुंटावर फ्रेंच वाणाची कलमे बांधावयाची. महाराष्ट्रातील द्राक्षबागायतदार आज ज्या डॉगरिज खुंटावर कलम करतात, तोही मूळचा अमेरिकन वंशाचाच. मात्र येथे तो क्षार आणि पाण्याची टंचाई यांना तोंड देण्यासाठी वापरला जातो.

किडीने जितके नुकसान केले, त्याहून अधिक खोल जखम तिच्या पाठोपाठ आलेल्या टंचाईने केली. खरी वाईन मिळेनाशी झाली, तेव्हा खोटी तयार होऊ लागली. बेदाणे पाण्यात भिजवून आंबवावेत, रस काढून घेतलेल्या चोथ्यावर साखरेचे पाणी ओतून पुन्हा मद्य काढावे, अल्जीरियातून आलेल्या मालाला फ्रान्समधील नामांकित गावांची लेबले लावावीत, असे प्रकार सर्रास सुरू झाले. पुढे कलमी बागा फळाला आल्या आणि खऱ्या मालाचे उत्पादनही वाढले, तरी खोटा माल बाजारातून हटला नाही. भाव कोसळले.

१९०७ च्या उन्हाळ्यात दक्षिणेतील लांगदॉक प्रांत पेटला. मार्सलँ आल्बेर या गावठी पुढाऱ्यामागे लाखो द्राक्षशेतकरी रस्त्यावर उतरले. नारबॉन येथे सैन्याच्या गोळीबारात माणसे मेली आणि सैन्याच्या सतराव्या पायदळ पलटणीतील शिपायांनी, जे बहुतेक त्याच भागातील शेतकऱ्यांचे मुलगे होते, बंड केले. पंतप्रधान क्लेमांसो यांच्या सरकारला त्याच वर्षी जूनअखेर कायदा करावा लागला. प्रत्येकाने आपल्या उत्पादनाची नोंद गावच्या कचेरीत केली पाहिजे, असा दंडक घातला गेला आणि वाईनमध्ये घातल्या जाणाऱ्या साखरेवर जादा कर बसला.

तथापि नावाचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. सरकारने १९०५ मध्ये भेसळ आणि फसवणूक यांविरुद्ध कायदा केला होता आणि त्यानुसार प्रदेशांच्या सीमा आखण्यास सुरुवात केली होती. शँपेन प्रांताची सीमा १९०८ मध्ये आखली गेली, तेव्हा ओब जिल्हा तीतून वगळला गेला. १९११ मध्ये तेथे आणि शेजारच्या मार्न जिल्ह्यात दंगली उसळल्या. एका पक्षाला वगळले गेल्याचा राग, तर दुसऱ्याला बाहेरची द्राक्षे आणून शँपेन बनविणाऱ्या व्यापाऱ्यांचा राग. कचेरीत बसून नकाशावर ओढलेली रेघ शेतकऱ्याला आपली वाटत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

आधी स्वतःवर बंधन

पहिल्या महायुद्धानंतर ६ मे १९१९ रोजी नवा कायदा झाला. प्रदेशाचे नाव कोणी लावावे, हे ठरविण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला. परंतु त्यात एक मोठी उणीव होती. माल कोठून आला एवढेच प्रामुख्याने पाहिले जाई. तो कसा पिकविला, हा प्रश्न बाजूलाच राहिला. परिणाम असा झाला की, नामांकित प्रदेशाच्या हद्दीत असलेल्या पाणथळ, सुपीक जमिनीवरही भरघोस पिकणाऱ्या हलक्या जातींची लागवड करावी आणि उत्पन्नाला ते मोठे नाव लावावे, हे कायदेशीर ठरू लागले. चोर बाहेरचा असेल तर त्याला पकडता येते. घरचाच असेल तर कायदा काय करणार?

अशा वेळी, १९२३ मध्ये, शातोनफमधील काही बागायतदार बॅरन पिएर ल र्‍वा यांच्याकडे गेले. बॅरन हे कायद्याचे पदवीधर, महायुद्धात लढाऊ विमान चालविलेले. विवाहामुळे ते गावातील ‘शातो फोर्तिया’ या मळ्याचे धनी झाले होते. बाहेरचे व्यापारी गावाचे नाव लुबाडतात, त्यांच्याविरुद्ध दावा लावण्यास साहाय्य करावे, अशी गावकऱ्यांची विनंती होती. बॅरननी होकार दिला, पण एका अटीवर, असे सांगितले जाते. ती अट अशी की, प्रथम तुम्ही स्वतः प्रामाणिकपणाची बंधने स्वीकारा आणि ती पाळून दाखवा. मग दुसऱ्यांकडे बोट दाखवू.

या अटीतच गावाच्या यशाचे मर्म आहे. गावकऱ्यांनी जे नियम केले, ते व्यापाऱ्यांसाठी नसून स्वतःसाठी होते. पहिला नियम जमिनीचा. ज्या रुक्ष, खडकाळ जमिनीवर लॅव्हेंडर आणि थाइम ही रानझुडपे उगवतात, तीच द्राक्षांसाठी योग्य मानावयाची. जेथे काहीच धड पिकत नाही तेथेच उत्तम द्राक्षे येतात, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्या कसोटीमागे होता. या भागातील पुष्कळ शेतांत माती दिसतच नाही. नदीने युगानुयुगे घासून गुळगुळीत केलेले गोटे सर्वत्र पसरलेले असतात. दिवसा ते उन्हाने तापतात, रात्री ती ऊब वेलींना परत देतात आणि खालच्या चिकणमातीतील ओलावा टिकवून धरतात. मिस्त्राल नावाचा कोरडा वारा उत्तरेकडून घोंघावत येतो आणि बुरशीला थारा देत नाही. मात्र त्याच्या माऱ्यापुढे टिकाव धरावा म्हणून वेली मांडवावर न चढविता झुडपासारख्या बुटक्या छाटल्या जातात.

दुसरा नियम जातींचा. पिढ्यान्‌पिढ्या लावल्या जाणाऱ्या जातीच लावाव्यात. १९३६ च्या यादीत त्यांची संख्या १३ झाली. ग्रनाश ही त्यांतली प्रमुख. तिच्या जोडीला सिरा, मूर्व्हेद्र, सँसो यांसारख्या काळ्या आणि क्लेरेत, रुसान यांसारख्या पांढऱ्या जाती. तिसरा नियम काढणीचा. प्रत्येक हंगामात द्राक्षांची निवड झालीच पाहिजे आणि निदान पाच टक्के माल बाजूला काढलाच पाहिजे. कच्ची, किडकी, डागी द्राक्षे त्या नावाच्या वाईनमध्ये जाता कामा नयेत. यासाठी आजही येथील काढणी हातानेच होते. यंत्राला मज्जाव आहे. गुलाबी वाईन या नावाने करावयाची नाही, हाही त्यातलाच एक निर्बंध.

परंतु सर्वांत चतुर नियम होता तो मद्यार्काच्या प्रमाणाचा. वाईनमध्ये निदान साडेबारा टक्के मद्यार्क असला पाहिजे आणि तो बाहेरून साखर न घालता, निव्वळ द्राक्षातल्या साखरेपासून उतरला पाहिजे. वरकरणी हा केवळ एक आकडा. पण तो गाठावयाचा तर द्राक्ष पूर्ण पिकावे लागते. ते पिकावयाचे तर वेलीवर घडांची गर्दी चालत नाही. आणि उथळ, पाणथळ जमीनही चालत नाही. साखरेच्या पोत्याचा मार्ग तर बंदच. अशा रीतीने एका आकड्याने तीन निरीक्षकांचे काम केले. त्याला पुढे उत्पादनाच्या कमाल मर्यादेची जोड मिळाली. हेक्टरी ३५ हेक्टोलिटर, म्हणजे एकरी सुमारे १४०० लिटर. सपाट मुलखातील भरघोस बागा याच्या दुपटी-तिपटीने देत असताना स्वखुशीने एवढ्यावर थांबणे, हा त्याग लहान नव्हता.

न्यायालयातील लढाई दहा वर्षे चालली. हद्दीबाहेर पडणाऱ्यांचा विरोध होता, व्यापाऱ्यांचा होता, आणि गावातल्या ज्यांची जमीन लॅव्हेंडरच्या कसोटीला उतरत नव्हती त्यांचाही असणे स्वाभाविक होते. १९२९ मध्ये ओरांजच्या न्यायालयाचा निर्णय झाला आणि १९३३ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. शातोनफसह ओरांज, कूर्तेझाँ, बेदारिद आणि सॉर्ग अशा पाच गावांच्या शिवारांतील ठरावीक जमिनींनाच ते नाव लाभले. नावाची हद्द गावाची वेस पाहून नव्हे तर जमिनीचा कस पाहून आखली गेली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

देशपातळीवर याच विचारासाठी झगडणारे सिनेटर जोझेफ काप्यूस यांच्या प्रयत्नांमुळे ३० जुलै १९३५ रोजी फ्रान्समध्ये नियंत्रित मूळनावांची पद्धती अस्तित्वात आली. जमीन, जात, उत्पादनाची मर्यादा, मद्यार्काचे प्रमाण आणि तयार करण्याची रीत हे सर्व एकत्र पाहिल्याखेरीज नाव मिळणार नाही, असे ठरले. शातोनफने बारा वर्षांपूर्वी स्वतःला जे लावून घेतले होते, तेच आता राष्ट्राचे धोरण झाले. १५ मे १९३६ रोजी या पद्धतीखाली जी पहिली नावे जाहीर झाली, त्यांत शातोनफ-द्यु-पाप होते. बॅरन ल र्‍वा पुढे १९४७ ते १९६७ अशी वीस वर्षे या पद्धतीची देखरेख करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे अध्यक्ष होते.

नियमांची दुसरी बाजू

याचा अर्थ ही व्यवस्था निर्दोष आहे असा नव्हे. नावाला मोल आले की जमिनीला येते आणि मग हद्दीच्या आत जन्मणे हेच भाग्य ठरते. बांधापलीकडचा शेतकरी तितकाच मेहनती असूनही त्याच्या मालाला निराळाच भाव मिळतो. नवे काही करून पाहणाऱ्यालाही नियम आडवे येतात. नियम करण्याची सवय माणसाला कोठवर नेते, याचे एक गमतीदार उदाहरण याच गावात आहे. १९५४ मध्ये युरोपात उडत्या तबकड्यांच्या वार्तांना ऊत आला असता, येथील महापौरांनी गावाच्या हद्दीत उडत्या तबकड्यांना उतरण्यास बंदी करणारा हुकूमच काढला. त्याने गावाला फुकटची प्रसिद्धी मात्र भरपूर मिळाली.

खरी कसोटी आज लागत आहे. नियम झाले तेव्हा भीती होती ती द्राक्ष पुरेसे पिकणार नाही याची. आज हवामान तापत चालल्यामुळे ते अवाजवी पिकते. साडेबारा टक्के गाठण्याची चिंता केव्हाच मिटली. आता साडेचौदा-पंधरा टक्क्यांच्या वाईन नित्याच्या झाल्या आहेत आणि मद्यार्क आटोक्यात कसा ठेवावा, हा बागायतदारांपुढे पेच आहे. काढणी पूर्वीपेक्षा लवकर सुरू होते. पाणी देण्यावर निर्बंध आहेत आणि दुष्काळ वारंवार पडू लागले आहेत. ज्या आकड्याने तीन निरीक्षकांचे काम केले, तो जवळजवळ निरुपयोगी झाला आहे. अशा वेळी जुन्यांनी तेरा जाती राखून ठेवल्या, याचे महत्त्व नव्याने पटू लागले आहे. उष्णतेतही आंबटपणा टिकविणाऱ्या, पण मध्यंतरी दुर्लक्षित झालेल्या जातींकडे काही बागायतदार पुन्हा वळत आहेत. बोर्दोसारख्या परंपरानिष्ठ प्रदेशाने तर २०२१ मध्ये उष्ण हवामानाला तोंड देऊ शकणाऱ्या काही नव्या जातींना मर्यादित प्रमाणात मुभा दिली. नियम निसर्गाच्या निरीक्षणातून आले असतील, तर निसर्ग बदलल्यावर त्यांचा पुन्हा विचार झाला पाहिजे. तसे न झाल्यास त्यांचे केवळ सोवळे होते.

मानांकन आणि मान

फ्रान्सच्या या अनुभवाचा भारताशी संबंध जागतिक व्यापार संघटनेच्या मार्गाने आला. १९९५ मध्ये अमलात आलेल्या बौद्धिक संपदाविषयक करारात भौगोलिक नावांना संरक्षण मिळाले. त्यातही वाईन आणि मद्यांना इतर वस्तूंहून अधिक, याला युरोपातील ही परंपराच कारण. भारताने १९९९ मध्ये त्यासाठी कायदा केला आणि तो २००३ मध्ये अमलात आला. दार्जिलिंगच्या चहाला पहिला मान मिळाला. महाराष्ट्रात पैठणी, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, नाशिकची द्राक्षे अशी यादी वाढत गेली. कोकणातील पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये मानांकन लाभले.

दरवेळी वृत्तपत्रांत आनंदाची बातमी येते, सत्कार होतात. परंतु प्रमाणपत्र हाती आले म्हणजे काम संपले, अशीच बहुधा समजूत दिसते. बाजारातल्या पेटीवर देवगडचे नाव आणि आत परप्रांताचा आंबा, हा अनुभव ग्राहकाला नवा नाही. त्याविरुद्ध तक्रार होते आणि ती रास्तच आहे. पण कोवळा आंबा उतरवून बंदी असलेल्या कार्बाइडवर पिकविणारा जर खुद्द त्याच हद्दीतला असेल, तर त्याला कोण अडविणार? फळ किती पक्व झाल्यावर उतरवावे, कोणते फळ पेटीतून बाजूला काढावे, पेटीवरच्या नावाची खातरजमा ग्राहकाने कशी करावी, हे जोवर बागायतदार स्वतः ठरवीत नाहीत आणि एकमेकांकडून पाळून घेत नाहीत, तोवर कायद्याचे कवच बाहेरून कितीही भक्कम असले तरी आतून पोकळच राहणार. प्रामाणिक बागायतदार त्यात सर्वांत अधिक भरडला जातो, कारण त्याचे फळ आणि दुसऱ्याचे फळ यांवर नाव एकच असते.

शातोनफच्या शेतकऱ्यांपाशी ना मोठे भांडवल होते, ना सरकारी छत्र. त्यांच्या नावाला कायद्याचे संरक्षण १९३६ मध्ये मिळाले. त्या नावाला पात्र ठरण्याची सुरुवात त्यांनी १९२३ मध्येच केली होती. मधली तेरा वर्षे ते पाच टक्के फळ टाकून देत होते आणि त्याचा मोबदला मिळेलच, अशी हमी कोणी दिलेली नव्हती. मानांकनासाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येक गावाने, अर्जाचा कागद भरण्यापूर्वी, आपण काय टाकून देण्यास तयार आहोत याचा विचार करावा. मानांकन सरकारला देता येते. मान मात्र गावालाच कमवावा लागतो.